नेब्रास्का सँडहिल्सचे जुने टोपो : पवनचक्क्यांचा लेअर सुरू झाला

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या चेरी काउंटीच्या टोपो शीट्स, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे जुने नकाशे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसल्या एकदाच्या! सगळ्या यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) टोपोव्ह्यू साइटवरनं उतरवलेल्या, १:२४,००० च्या. जिओटिफ (जागेची माहिती आतच असलेली चित्राची फाइल) घेतलीत तर प्रश्नच नाही, पण नुसती जेपेग हाताने बसवणार असाल तर आधी खालच्या समासातली टीप वाचा, कारण जुन्या शीट्सवर १९२७ चा नॉर्थ अमेरिकन डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) असतो आणि कोपऱ्यांचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो डेटम) समजून टाकले की अख्खी शीट कित्येक मीटर सरकते, आणि या माळावर खुणाच इतक्या विरळ की ते लवकर लक्षातही येत नाही. या डेटमचा मूळ बिंदू मीड्स रँच, कॅन्ससच्या ऑसबोर्न काउंटीत, चक्क गुरांच्या कुरणात! आपल्याकडच्या सर्वेला जसं मध्य प्रदेशातलं कल्याणपूर, तसं त्यांना हे.

आता खरी मजा. शीटवर मैल-मैलाच्या सेक्शनची (जमीन मोजणीतल्या चौरसांची) सरळ जाळी आहे, एक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याच्याखाली तपकिरी कंटूर (समान उंचीच्या रेषा) पार वेगळंच सांगतात : वाळूच्या टेकड्याच टेकड्या, मधे पाणी बाहेर न जाणारे खळगे, त्यांच्या कंटूरला आतल्या बाजूने बारीक दातऱ्या. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे माणशी ६४० एकरांपर्यंत जमीन दिली, पण ही वाळू नांगराची नाहीच, गवत गेलं की ती वाऱ्यावर उडायला लागते, म्हणून बऱ्याच जणांनी शेवटी रँचवाल्यांना विकून टाकली. नकाशावर आज काय दिसतं? घरं मोजकी, पण ‘विंडमिल’ हा शब्द जागोजाग. गुरं पाण्यापासून फार लांब चरत नाहीत, त्यामुळे कुरण वापरायचं तर पाणी गुरांपर्यंत न्यावं लागतं, आणि इथे भूजल वरच असल्याने पवनचक्की नि टाकी एवढ्यावर भागतं. म्हणून मी रस्त्यांच्या आधी पवनचक्क्याच टिपायला घेतल्यात, मला तर रँचिंगचा खरा नकाशा तोच वाटतो.

एक विनंती, शीटवरची जांभळ्या रंगातली भर वेगळ्या लेअरमध्ये ठेवा. ती नंतर हवाई फोटोंवरनं टाकलेली असते, जागेवर जाऊन तपासलेली नसते, दोन्ही काळ एकत्र केले तर तुलनेला काही अर्थच उरत नाही. माझा जांभळा लेअर अजून रिकामाच आहे, आधी चेरीतल्या पवनचक्क्या संपवतो, मग तो, आणि त्यानंतर शेजारची ग्रँट काउंटी.