कडेवरच्या तारखेपासून सुरुवात : लाइफबोट पदकांच्या संग्रहाची नोंद

या टप्प्यात नवीन खरेदी थांबवून हातातल्या प्रत्येक पदकाची कड (परिघाचा काठ, जिथे अक्षरं कोरलेली असतात) वाचायची आणि त्याची फाइल पुरी करायची, असं काम घेतलं. विषय ब्रिटनच्या आरएनएलआयची (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, समुद्रात जीव वाचवणारी संस्था) पदकं. संस्था ४ मार्च १८२४ची, आजचं नाव १८५४पासूनचं. सोनं आणि चांदी सुरुवातीपासून, ब्राँझ १९१७पासून.

पहिली चाळणी राजाच्या डोक्याची. जॉर्ज चौथा १८३०मध्ये वारला, तरी त्याचंच डोकं १८६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पदकांवर राहिलं. म्हणून ग्रेस डार्लिंग आणि तिचे वडील विल्यम यांना ‘फोरफारशर’ जहाजावरच्या लोकांच्या बचावासाठी (७ सप्टेंबर १८३८) मिळालेली रौप्यपदकं जॉर्ज चौथ्याच्याच प्रकारातली. राणी व्हिक्टोरियाचं डोकं आणि कडेवर १८४०ची तारीख असा नग कुणी दाखवला, तर तो खोटाच, पुढची चौकशी करायचीच गरज नाही. शिल्पकार विल्यम वायनने घडवलेल्या मागच्या बाजूवर तीन खलाशी बुडणाऱ्याला होडीत ओढतात. फक्त सातव्या एडवर्डच्या पदकावर द सोल या शिल्पकाराचं वेगळं चित्र आहे : लाइफबोटीवरच्या माणसाचं लाइफजॅकेट नीट करणारी ‘आशा’. १९३७पासून पुढच्या बाजूला राजा नाही, संस्थापक सर विल्यम हिलरी आहे. एवढं पाठ असलं की निम्मे घोटाळे फोटोतच पकडता येतात.

खरं काम कडेवर. तिथे नाव आणि ‘व्होटेड’ या शब्दापुढे तारीख असते. ही तारीख समितीने पदक मंजूर केल्याची, बचावाची नव्हे. बचाव त्याआधीचा असतो. त्यामुळे वर्तमानपत्रांत शोध घेताना त्या तारखेपासून मागे जायचं. याच चुकीपायी अनेक फाइली भलत्याच वादळाला चिकटतात. संस्थेचं ‘द लाइफबोट’ हे नियतकालिक मार्च १८५२पासूनचं आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. त्यात नाव, ठिकाण, जहाज आणि मंजुरी जुळली, तरच फाइलवर ‘पक्की’ लिहायचं. नुसत्या आडनावावर जुळवणी करू नये : किनाऱ्यावरच्या गावांत एकाच घरातले बाप, मुलगा, काका एकाच बोटीवर असत.

कड घासून नाव बदललंय का, हे डिजिटल कॅलिपरने कळतं. पदक फिरवत सहा ठिकाणी व्यास मोजा. साधारण ३६ मिमीच्या नगात एका दिशेला ०.२ मिमीपेक्षा जास्त घट आली, तर संशय धरा. मग दहापट भिंगाखाली अक्षरांचे खाचे पाहा. शंभर वर्षांच्या खाचेत काळपट मळ हवा. आत चकचकीत धातू आणि काठाला धातूची ताजी, वर उचललेली कोर दिसली तर नाव नवं आहे. ओतीव नक्कल वेगळ्या खुणांनी ओळखू येते : धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्यास एक-दोन टक्के कमी भरतो, खलाशांचे चेहरे मऊ होतात आणि सपाट भागात बारीक छिद्रं दिसतात.

चांदीची खात्री आम्ही पाण्यात करतो. फीत काढा, पण डॉल्फिनच्या आकाराच्या हँगरची (फीत अडकवायच्या कडीची) पिन काढू नका. कोरडं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा आणि पदक बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. वाढलेल्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. ३०.०० भागिले २.९० म्हणजे १०.३४ : ही स्टर्लिंग चांदी. ८.८च्या आसपास आलं तर मुलामा दिलेलं ब्राँझ. बुडबुडे चिकटले तर आकडा खोटा खाली येतो, म्हणून डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. झाळकाम केलेल्या हँगरमुळेही आकडा थोडा उतरतो, तेवढ्यावरून नग नाकारू नये.

पुन्हा सन्मान झाला की सहसा दुसरं पदक नाही, फितीवर ‘सेकंड सर्व्हिस’ची पट्टी. क्रोमरच्या लाइफबोटीचा कॉक्सवेन (बोटीचा प्रमुख) हेन्री ब्लॉग याचे तीन सुवर्ण आणि चार रौप्य सन्मान, पण प्रत्यक्ष पदकं दोनच. पट्टी सुटी विकली जात असेल तर घेऊ नका. कोणाची ते सिद्ध करणं फार अवघड.

सध्या सर्वांत जाड फाइल ‘रोहिला’ची, आणि तिच्यात पदक एकही नाही, सगळे कागद. ब्रिटिश इंडिया कंपनीचं हे जहाज ३० ऑक्टोबर १९१४ला रुग्णालय-जहाज म्हणून जाताना व्हिटबीजवळ खडकावर फुटलं. व्हिटबीच्या ‘जॉन फील्डन’ या वल्ह्यांच्या बोटीने दोन खेपांत पस्तीस जण आणले आणि ती निकामी झाली. शेवटचे पन्नास टाइनमथहून आलेल्या ‘हेन्री व्हर्नन’ या मोटरबोटीने काढले. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे बंद होते, तरी ती रात्रभर खवळलेल्या समुद्रातून आली. तिचा कॉक्सवेन रॉबर्ट स्मिथ आणि कॅप्टन बर्टन यांना सुवर्ण मिळालं. हातवल्ही आणि मोटर यांतला फरक एवढा स्पष्ट दाखवणारी दुसरी घटना आमच्या यादीत नाही, म्हणून पदकाशिवायही ही फाइल ठेवायचीच.

साठवणीत बदल केला. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पीव्हीसी पाकिटं चिकट हिरवी होतात, सोनाराचा गुलाबी कागद ओलसरपणात रंग सोडतो. आता पॉलिस्टर पाकिटं, ॲसिडमुक्त कागद, हवाबंद डबा आणि दहा लिटरला साधारण शंभर ग्रॅम, ओलावा शोषणारं नारिंगी सिलिका जेल. ते हिरवं पडलं की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचं. ब्राँझ वेगळ्या डब्यात, कारण खाऱ्या हवेत त्यावर हिरवे भुकटीचे ठिपके येतात आणि पसरतात. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये : एकदा घासलेल्या कडेवरचं नाव पुन्हा उमटत नाही. निळी फीतही धुवू नका, रंग उतरतो. फाटकी असली तरी मूळ फीत त्याच पाकिटात राहू द्या, प्रदर्शनासाठी नवी वेगळी लावा.