शंभराच्या चार पावलं अलीकडे

माझ्या भाच्याची एक बाटली विमानतळावर काढून घेतली. तो पोलंडमध्ये शिकतो. सुट्टीला येताना बॅगेत दोन बाटल्या होत्या, एक साधी व्होडका आणि एक ‘स्पिरिटस रेक्टिफिकोव्हानी’. व्होडका पोचली, दुसरी तिकडेच राहिली. आल्या आल्या त्याने मला विचारलं, “मावशी, दोन्ही दारूच ना? मग एक चालते आणि एक नाही, हे कसं?”

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे जवळजवळ शुद्ध अल्कोहोल, कुलपात ठेवायचं आणि वापरलेल्या प्रत्येक मिलिलिटरची नोंद वहीत करायची, हे माझं रोजचं काम. त्याने फोटो दाखवला, लेबलावर ९६ टक्के वाचलं, आणि मला ती दारूची बाटली वाटलीच नाही. आमच्या कपाटातलाच पदार्थ, फक्त पिण्याच्या दर्जाचा.

विमानाचा नियम सरळ आहे. २४ ते ७० टक्के मद्यार्क असलेली बंद बाटली सामानात चालते, माणशी ५ लिटरपर्यंत. ७० च्या वर गेली की ती ज्वालाग्राही माल ठरते आणि प्रवाशाला नेता येत नाही. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर रिव्हर अँटोइन नावाची जुनी डिस्टिलरी आहे, तिथला ऊस अजून पाणचक्कीवर पिळला जातो. त्यांची रम ७५ टक्क्यांची. पण पर्यटकांना सोबत नेता यावी म्हणून ते ६९ टक्क्यांचीही भरतात. हे ऐकून भाच्याचा राग निवळला. मग खरा प्रश्न आला. “मग जगातली सगळ्यात कडक माझी ती पोलंडची बाटलीच का? आणि शंभर टक्क्यांची का नाही करत कुणी?”

हा प्रश्न मला फार आवडतो. प्रॅक्टिकलला आलेल्या किती मुलांना मी तो समजावला असेन.

साखरेचं पाणी यीस्टने आंबवलं की साधारण १५ टक्क्यांच्या आसपास यीस्ट स्वतःच त्या अल्कोहोलने मरायला लागतं. त्यापुढे जायचं तर ऊर्ध्वपातन हवं. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं, पाणी १०० वर. त्यामुळे आधी उठणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की आणखी वाढतं. १८३० मध्ये एनियस कॉफीने पेटंट घेतलेल्या उंच स्तंभाच्या भट्टीत हेच सलग घडत राहतं, आणि द्रव ९० च्या पार जातो. पण साधारण ९७ टक्क्यांवर, आकारमानाने, गाडी अडते. तिथे त्या मिश्रणाची वाफ आणि त्याचा द्रव यांच्यातलं अल्कोहोलचं प्रमाण एकसारखंच होतं. मिश्रण शुद्ध अल्कोहोलपेक्षाही किंचित कमी तापमानाला, ७८.२ अंशांच्या आसपास, एकजीव उकळतं. मग कितीही वेळा उकळा, वर जाईल तेही तेच आणि खाली उरेल तेही तेच. शेवटचं तेवढं पाणी नेहमीच्या दाबाखाली नुसत्या उकळण्याने सुटत नाही.

पोलंडची ती ९६ टक्क्यांची बाटली या भिंतीला जवळजवळ टेकून उभी आहे. अमेरिकेतलं एव्हरक्लिअर नावाचं स्पिरिट ९५ टक्के, तेही तिथल्या काही राज्यांत विकायला बंदी आहे. त्याच्या पुढचं, म्हणजे आमचं ‘अॅब्सोल्यूट अल्कोहोल’, मिळवायला दुसरे मार्ग लागतात. पाणी धरून ठेवणाऱ्या झिओलाइटच्या बारीक गोळ्यांतून ते काढतात. पूर्वी बेंझिन मिसळून पाणी पळवत, आणि बेंझिनने कॅन्सर होतो. ती बाटली पिण्यासाठी नसतेच. वर ती उघडी ठेवली की हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून बूच घट्ट बसवायला मी मुलांना सारखी सांगायचे.

बाकीच्या नावाजलेल्या बाटल्या पोलंडच्या आणि अमेरिकेच्या या दोघींच्या बऱ्याच खाली आहेत. सेंट व्हिन्सेंटची सनसेट रम ८४.५, ऑस्ट्रियाची स्ट्रो ८०. बकार्डी १५१ होती ७५.५ टक्क्यांची, २०१६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्या तोंडावर ज्वाला आत जाऊ नये म्हणून धातूची जाळी बसवलेली असायची.

भाचा १५१ वर अडला. त्याला वाटलं, शंभराच्या वर टक्के कसे? ते टक्के नव्हेत, प्रूफ, म्हणजे मद्याची तीव्रता सांगायचं जुनं माप. अमेरिकेत टक्क्यांची दुप्पट केली की प्रूफ मिळतं, म्हणून ७५.५ चे १५१. ब्रिटिश प्रूफ वेगळं. त्यामागची गोष्ट बंदुकीच्या दारूची: ती मद्यात भिजवायची आणि पेटवायची. पेटली तर मद्य कसोटीला उतरलं. पुढे १८१६ मध्ये साइक्सचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं उपकरण, कायद्याने आला आणि ५७.१ टक्के म्हणजे १०० अंश प्रूफ असं ठरलं. त्या मापात ७० अंश म्हणजे ४० टक्के आणि ७५ अंश म्हणजे ४२.८. काही बाटल्यांवर दिसणारा हा ४२.८ चा चमत्कारिक आकडा मला कित्येक वर्षं कोड्यात टाकायचा. तो या जुन्या मापाचा उरलेला अवशेष आहे.

मग तो सहज बोलून गेला की वसतिगृहात पैज लावून मुलं ते ९६ टक्के तसंच, पाण्याशिवाय, घेतात. इथे मात्र मी त्याला जवळ बसवलं. ३० मिलिलिटर ९६ टक्के म्हणजे २८.८ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. म्हणजे ४० टक्क्यांच्या व्होडकाचे ७२ मिलिलिटर एका घोटात. शिवाय इतकं तीव्र अल्कोहोल पेशींतलं पाणी ओढून घेतं. तोंड, घसा, अन्ननलिका आतून भाजल्यासारखी होते. आणि नशा चढायला वेळ लागतो, म्हणून काही झालं नाही असं समजून पोरं दुसरा ग्लास भरतात. तोपर्यंत पहिलं रक्तात चढतच असतं. श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

आगीचं तर मी स्वतः पाहिलं आहे. एका मुलीने बर्नरशेजारी चंचुपात्रात स्पिरिट ओतलं. त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानाला, १७ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. ज्योत फिकट निळी, खिडकीतून ऊन येत होतं, आणि पात्र पेटलंय हे तिला दिसलंच नाही. तिने ते हातात घेतलं. तळहात भाजला, बोटं वाचली. ती पट्टी बांधताना माझेच हात थरथरत होते.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मग हे विकतात तरी कशाला?” पोलंडमध्ये घरोघरी त्यात चेरी, प्लम मुरवतात, मग पाणी आणि साखर घालून सौम्य करतात. वास आणि रंग ओढून घ्यायला तीव्र स्पिरिट लागतं, म्हणून अर्क करणाऱ्यांना आणि अत्तर बनवणाऱ्यांनाही ते हवं असतं.

परत गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. घरमालकीणबाई चेरी मुरवणार होत्या आणि पाण्याचा हिशेब याच्यावर सोपवला होता. १०० मिलिलिटर ९६ टक्क्यांचं ४० करायचं तर एकूण २४० हवं, म्हणजे पाणी १४०, असं त्याचं गणित. मी म्हटलं, पाणी मोजू नकोस, २४० च्या खुणेपर्यंत भर. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० अल्कोहोल एकत्र केलं तर १०० होत नाही, ९६-९७ च होतं. रेणू एकमेकांच्या फटींत दाटीने बसतात. आणि मिसळताना भांडं गरम होईल, थंड होऊ दे, मग खुणेपर्यंत पुन्हा भर.

तासाभराने त्याचा मेसेज आला: “मावशी, १४७ लागलं. भांडं खरंच कोमट झालं होतं.”