चढला म्हणजे बसला नव्हे

मॉरिस मायनर किंवा मिनी असती तर हे लिहायची वेळच आली नसती; त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे स्टिअरिंग रॅकचे बूट (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या दोन्ही टोकांवरची घडीदार रबरी आवरणं) आजही नवे बनतात. ही साठच्या दशकातली, थोड्याच निघालेली गाडी. दोन्ही बूट घडीच्या खाचेत चिरलेले, रॅकमधलं ऑईल केव्हाच गळून गेलेलं. मालकांनी सोबत ‘युनिव्हर्सल’ बुटांची जोडी आणली होती, टोकं कापून मापाला आणायची. “सगळ्या गाड्यांना बसतात, असं लिहिलंय.” विकणारे एवढंच लिहितात. तोंडांचे व्यास, मिटलेली नि ताणलेली लांबी, रबर कुठलं, याचा पत्ता नाही.

चेक नट ढिली केली, टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) पुलरने सोडवला, आटे मोजून काढला. हातोडा मारणारे आटे चेपतात आणि वर गाडीलाच शिव्या घालतात. दातांवर गंज नव्हता, नशीब.

नवा बूट सहज चढला. शेजारचा मिस्त्री म्हणाला, “चढला ना? मग मार क्लिप.” पण या रॅकमध्ये ९० नंबरचं गिअर ऑईल असतं आणि तेलात फुगणारी रबरं कमी नाहीत. कापून उरलेली रबराची कडी त्याच ऑईलमध्ये टाकून ठेवली. सकाळी बोटाला बुळबुळीत लागली. कोऱ्या कडीशेजारी धरली तर चांगलीच मोठी झालेली. असा बूट क्लिपखालून निसटणारच.

“मग ग्रीस भरा की,” मालक म्हणाले. साहेब, रॅकचे दात ग्रीसला बाजूला सारतात आणि ते तिथेच बसून राहतं. शिवाय स्टिअरिंग वळलं की एक बूट मिटतो, दुसरा ताणतो; पेटीच्या भात्यासारखी हवा रॅकच्या नळीतून इकडून तिकडे जाते. नळी ग्रीसने बुजली की मिटणारा बूट फुगतो.

शेवटी भलत्याच गाडीचा निओप्रीन रबराचा बूट घेतला. तोही आधी ऑईलमध्ये बुडवून ठेवला. फारसा बदलला नाही. मोठं तोंड सैल होतं, म्हणून लेथवर ॲल्युमिनियमची रिंग टर्न केली. ती रिंग मात्र झकास बसली. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, तपासून गाडी दिली.

तरी एक गोष्ट खटकतेय. पूर्ण लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग टोकाला गेल्यावर, डाव्या बुटाच्या शेवटच्या घड्या जवळजवळ सपाट होतात, आणि घडी उरली नाही की बूट खाचेतून उपटतो. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवू नका, असं मालकांना बजावलंय. त्यांच्या पार्किंगमध्ये त्याशिवाय गाडी आतच जात नाही म्हणे.