टक् आवाजाच्या मागे : आमची वाटचाल

वॉशिंग मशिनच्या भरलेल्या टबात पल्सेटर, म्हणजे तळाची कपडे फिरवणारी चकती, उजवीकडे फिरतो, थांबतो, डावीकडे वळतो आणि दर वळणाला खालून ‘टक्’ असा आवाज येतो. आमचा सगळा धंदा या आवाजावर उभा राहिला. १९९४ साली वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात एक लेथ, एक बेंच ड्रिल आणि एक हातप्रेस घेऊन सुरुवात केली. आज रबाळे एमआयडीसीत स्वतःची जागा आहे. मधल्या काळात जे शिकलो त्याची पुरेपूर किंमत मोजली. ते आमच्याकडून उचलून, अर्धवट समजून, आमच्याच नावावर खपवणारे बाजारात आहेत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहोत.

सुरुवात दुरुस्तीने झाली. आखातातून परतणारे लोक उभ्या ॲजिटेटरची, म्हणजे टबाच्या मधोमध पंखांचा खांब असलेली, मोठी मशिनं घेऊन यायचे. त्यांचा गिअरबॉक्स उघडला की मोटर एकाच दिशेने फिरताना दिसायची, आणि क्रँक व सेक्टर गिअर ॲजिटेटरला मागेपुढे हलवायचे. क्रँक टोकाला येते तसा ॲजिटेटर आपोआप मंदावतो, क्षणभर थांबतो आणि हळूच उलटा निघतो. धक्का बसायला जागाच नसते. तसल्या जुन्या बॉक्सातले दात बहुतेक वेळा शाबूत निघायचे, आवाज यायचा तो धुण्यावरून पिळण्यावर जाताना, क्लच लागताना. हे दृश्य आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

आपल्याकडच्या पल्सेटर मशिनात मोटरच उलटी फिरवतात. मोटर मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेते, बेल्ट ते निम्मे करतो आणि पुढे सन-प्लॅनेटचा संच (मधला गिअर सन, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर प्लॅनेट) आणखी कमी करतो. आम्ही ज्या संचावर सगळ्यात जास्त काम केलं त्यात सनला १६ दात, प्लॅनेटला २० आणि बाहेरच्या रिंगला ५६. रिंग जागेवर घट्ट असेल तर गुणोत्तर साडेचार येतं आणि पल्सेटरला १५५ फेरे मिळतात. मोटरपासून पल्सेटरपर्यंत एकूण नऊ पट घट. आता रोटरची, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची, जडता पल्सेटरच्या बाजूने मोजा. ती नऊच्या वर्गाने, म्हणजे ८१ पट वाढून दिसते. लोक समजतात की ओल्या जीन्सचं वजन गिअर फोडतं. खरा हातोडा खाली बसलेला रोटर आहे.

मोटर सुरू झाली की आधी दातांमधली फट रिकामीच पार करते. तेवढ्या अंतरात तिला कसलाही भार नसतो, ती वेग घेते आणि मग पुढच्या दाताच्या तोंडावर आदळते. मोटर पुलीचा ढिला स्क्रू, सन आणि प्लॅनेट, प्लॅनेट आणि रिंग, प्लॅनेटची पिन, शेवटी शाफ्टची स्प्लाइन (टोकावरचे उभे दात) आणि पल्सेटरचं भोक, अशा सगळ्या फटींची बेरीज होते. यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष शेवटच्या फटीकडे होतं. साधारण १२ मिलिमीटरच्या शाफ्टवर स्प्लाइन ०.३ मिलिमीटर झिजली तर नखालाही कळत नाही. पण ती ६ मिलिमीटर त्रिज्येवरची ढिलाई आहे. पल्सेटरच्या कडेला, १६० मिलिमीटरवर, तीच ८ मिलिमीटर होते. प्लग काढा, टब रिकामा करा, खालची पुली एका हाताने धरून ठेवा आणि पल्सेटरची कड दोन बोटांनी पुढेमागे हलवा. ८ मिलिमीटर हलली तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी मधला स्क्रू काढून पल्सेटरचं भोक बघा. त्यातले दात गोल झालेले असतात आणि कडेला करडी भुकटी साचलेली असते. स्वस्तातल्या पल्सेटरसाठी लोक अख्खा गिअरबॉक्स बदलतात, हे आम्ही अजूनही आठवड्याला बघतो.

१९९९ ते २००६ ही वर्षं चांगली गेली. गिअर संच विकले, माणसं वाढली, रबाळ्याची जागा घेतली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते २००८ चं. सिंटर्ड स्टीलच्या (भुकटी दाबून-भाजून केलेल्या) प्लॅनेटचा आवाज कर्कश येतो, म्हणून आम्ही नायलॉन ६ चे प्लॅनेट काढले. आवाज लगेच मऊ झाला. मग हाव सुटली. फटच नसेल तर टक् कुठून होईल, या हिशोबाने दातांमधली फट ०.१० वरून ०.०५ मिलिमीटरवर आणली. एप्रिलमध्ये टेस्ट बेंचवर संच असे फिरले की बाजूला उभं राहून बोलता यायचं. पूर्ण सीझनचा माल तेव्हाच काढून गोदामात लावला. जुलैपासून तो परत यायला लागला. कुणाची मोटर गरम होऊन बंद पडत होती, कुणाच्या गिअरबॉक्समधून भोंग्यासारखा सूर निघत होता. न वापरलेले संचसुद्धा हाताने फिरवताना अडकत होते.

कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो. इथे ते शब्दशः दातांत मुरत होतं. मायक्रोमीटर लावला तेव्हा एप्रिलमध्ये २२.०० भरलेला प्लॅनेट २२.१५ भरला. शंभर नगांचं वजन ३२० ग्रॅमवरून ३२९ वर गेलं होतं. नायलॉन ६ हवेतला ओलावा पितो आणि वजनाच्या एक टक्का पाणी प्यायला की पाव टक्क्याच्या आसपास फुगतो. प्लॅनेटची पिन स्टीलच्या कॅरियरमध्ये, म्हणजे प्लॅनेट धरणाऱ्या चकतीत, ठोकलेली, म्हणजे केंद्रातलं अंतर वाढायला वाव नाही. दोन दातांमध्ये जी ०.०५ ची फट होती ती फुगण्यातच संपली. ओव्हनमध्ये ८० अंशांवर तीन दिवस ठेवलेले तेच नग जवळजवळ मूळ मापावर आले आणि मोकळे फिरले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पावसाळ्यात गोदामाच्या भिंतींना हात लावला तर ओला होतो. एप्रिलची चाचणी तिथे काय कामाची?

ज्या कंपनीला आम्ही सगळ्यात जास्त माल देत होतो तिने पैसे अडवले. ते समजू शकतो, चूक आमची होती. पण आमचं ड्रॉइंग त्यांच्याकडे पडून होतं. ते त्यांनी दुसऱ्या पुरवठादाराला दिलं आणि आम्हाला कळवण्याचं सौजन्यही दाखवलं नाही. ते आजही सलतं. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस देण्यासाठी लेथ गहाण टाकावा लागला.

उत्तर दोन भागांत मिळालं. पहिला भाग मटेरियलचा. ॲसिटल, ज्याला बाजारात सगळे डेल्रिन म्हणतात, हवेतलं पाणी जेमतेम पाव टक्का घेतं. पण नायलॉनचा मोल्ड त्याला चालत नाही. ॲसिटल थंड होताना २ टक्क्यांच्या आसपास आकसतं, नायलॉन त्याहून कमी. जुन्याच मोल्डमध्ये ॲसिटल ओतलं तर दात बारीक पडतात, म्हणून नवा मोल्ड करावा लागला. फट परत ०.१० केली. ती असायलाच हवी. ग्रीस राहायला आणि गरम झाल्यावर फुगायला दाताला जागा लागते.

दुसरा भाग म्हणजे आमची कुशन पुली, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आखाती मशिनात क्रँक जे करते ते बेल्टच्या मशिनात रबराने करायचं होतं. प्रश्न रबर कुठे बसवायचं हा. पल्सेटरजवळ टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त, तिथे रबर चिरडतं, शिवाय रोटर आणि गिअर यांच्यातली मारामारी तशीच राहते. म्हणून गिअरबॉक्सच्या खालच्या मोठ्या पुलीत बसवलं. हातोडा एका बाजूला, दात दुसऱ्या बाजूला आणि मध्ये रबर. पुलीच्या हबला तीन कान, बाहेरच्या रिमला आतून तीन कान आणि त्यांच्यामध्ये सहा रबरी ठोकळे. मोटर उलटली की हब आणि रिम एकमेकांत सहा-सात अंश फिरतात आणि तेवढ्यात धक्का मुरतो. ठोकळे ०.५ मिलिमीटर दाबून बसवायचे, नाहीतर तिथेच नवीन फट तयार होते.

रबर नायट्राइलचं, कारण वरून ग्रीस गळतं आणि साधं रबर त्यात फुगतं. रबराचा कडकपणा मोजायच्या शोअर ए मापावर ६० ठेवतो. ४५ चं रबर भरलेल्या टबाला पूर्ण दबलं आणि कान कानावर आपटला. ७५ चं इतकं ताठ की बसवलं काय नि नाही काय. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रबर आकार बदलतं, आकारमान बदलत नाही. कप्पा पूर्ण भरला तर फुगायला जागा उरत नाही आणि रबर दगडासारखं वागतं. म्हणून आमच्या प्रत्येक कप्प्यात साधारण चौथा भाग मोकळा असतो आणि ठोकळ्याच्या बाजू मधोमध किंचित आत घेतलेल्या असतात.

पहिल्या पन्नास पुल्या घेतल्या त्या कळव्याच्या एका मेकॅनिककाकांनी. २००८ चे खराब संच ज्यांनी ज्यांनी परत आणले त्यांत तेही होते. त्यांनी एक पुली हातात घेतली, हब पिळून पाहिला, सोडला, परत पिळला. मग लांब पेचकस काढला, दांडा कानाला लावला, टोक चालू गिअरबॉक्सला टेकवलं आणि चार वळणं ऐकली. “शेठ, टक् गेला. आता धप् येतोय. धप् चालेल.” खिशातून पैसे काढून पन्नास नगांचे आगाऊ दिले. त्या महिन्यात आमच्याकडे आलेली तेवढीच रोकड होती. काका अजून येतात, अजून पेचकस कानाला लावतात, आणि त्यांचा कान आमच्या मीटरइतकाच मानला जातो.

पुली चालली तशी नक्कलही आली. आमच्याकडेच काम शिकून गेलेल्या एकाने मागच्या गल्लीत गाळा घेतला आणि निम्म्या भावात तीच पुली काढली. डबाही तसाच, लाल पट्टा तसाच. कप्प्यातली मोकळी जागा त्याला फुकट गेलेली वाटली असावी. त्याने कप्पे गच्च भरले, तेही जुन्या टायरच्या रिक्लेम रबराने. महिना-दोन महिन्यांत त्याची भुकटी होते, मग लोखंडी कान थेट आपटतात आणि आवाज साध्या पुलीपेक्षा वाईट येतो. शिव्या आम्हाला खाव्या लागल्या. डोंबिवली-कल्याणकडच्या दोन दुकानदारांनी आमचा माल ठेवणंच सोडलं. ओळखायची खूण सांगतो. ठोकळ्यावर नख दाबा. आमच्यावर वळ उठून लगेच जातो. नकलीवर नखाला काळं लागतं. आणि कप्प्यात प्रकाश दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ती पुली आमची नाही.

मेकॅनिक मंडळींनो, कुशन पुली हे औषध टक् आवाजाचं आहे, गुणगुण आवाजाचं नाही. आधी बेल्ट काढून नुसती मोटर चालवा. गुणगुण तशीच राहिली तर ती मोटरची किंवा तिच्या रबरी पायांची. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर मोटर १०० हर्ट्झने गुणगुणते. बेल्ट लावल्यावर त्याहून थोडा वरचा सूर सुरू झाला तर तो गिअरचा. ५६ दातांची रिंग आणि १५५ फेरे यांतून तो १४५ हर्ट्झच्या आसपास येतो. तिथे पिन, ग्रीस आणि सील तपासा. सील गळून आत पाणी गेलेलं असेल तर ग्रीस चहासारखं निघतं, ते पूर्ण धुवून काढल्याशिवाय नवीन भरू नका. पोकळीचा एक तृतीयांश भाग पुरे. जास्त भरलं तर सीलवर दाब येतो आणि तेच बाहेर पडतं.

मोटर उठत नाही म्हणून १० एमएफडीच्या (मायक्रोफॅरडच्या) कपॅसिटरच्या जागी साडेबाराचा टाकण्याची सवय सोडा. सुरुवातीचा झटका वाढतो, तो सगळा दातांवर जातो, मोटर गरम होते ते वेगळंच. जुना १० चा मीटरवर ७ दाखवत असेल तर नवा १० चाच लावा. बेल्ट आवळूनही टक् जात नाही. मधोमध बोटाने दाबल्यावर ८ ते १० मिलिमीटर गेला पाहिजे. तेवढी ढिलाई स्वतः थोडी कुशन असते. त्याहून घट्ट केला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, खाल्ला जातो.

आणि टायमरकडे बघा. पल्सेटर पूर्ण थांबायच्या आत उलटा करंट गेला तर मोटरची स्लिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या मानाने रोटरचं मागे राहणं, दोनच्या जवळ असते (थांबलेल्या मोटरला ती एक), करंट सुरू होतानाच्यापेक्षाही जास्त ओढला जातो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये टायमरचे कॉन्टॅक्ट झिजून वाकले की मधली विश्रांती कमी होते. गिऱ्हाईक म्हणतं आवाज हळूहळू वाढला, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. टायमर स्वस्तात मिळतो, गिअरबॉक्स मिळत नाही.

आता इन्व्हर्टरची, थेट टबाखाली मोटर असलेली मशिनं आली आहेत. त्यांत बेल्ट नाही, पुली नाही आणि प्रोग्रॅमच मोटरला मंद करून वळवतो. क्रँक जे करायची तेच. आमचा पुलीचा धंदा त्यामुळे कमी होणार हे आम्हाला दिसतं. पण स्प्लाइन तिथेही आहे, प्लास्टिकचं भोक तिथेही आहे, आणि त्यासाठी पितळी इन्सर्ट बसवलेला पल्सेटर गेल्या वर्षापासून करतो आहोत. मागवताना शाफ्टवरचे दात मोजून सांगा, चौकोनी असेल तर तसं सांगा, शाफ्टचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि शक्य असेल तर झिजलेला पल्सेटर सोबत आणा. भोकातला झिजलेला दात कोणत्या बाजूने गोल झाला आहे ते बघितलं की धक्का सुलट दिशेला जास्त बसत होता की उलट, ते आम्ही बेंचवरच सांगू शकतो.