फायेज सायेग आणि निर्लेखन समिती

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची भेट तोंडावर आली की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात निर्लेखन समिती बसते. वाळवी लागलेली, पानं सुटलेली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं दाखल नोंदवहीत लाल शाईनं बाद करायची आणि रद्दीवाल्याला बोलवायचं. त्या दिवशी कॉमर्सचे सर, इतिहासाच्या मॅडम आणि ग्रंथपाल म्हणून मी, असे तिघं होतो. शिपाई मामा गठ्ठे आणून टेबलावर आदळत होते.

त्यात एक बारीकशी पुस्तिका निघाली. कणाच नाही, त्यामुळे शेल्फवर ती कुणाला दिसली असेल असं वाटत नाही. देवघेवीची चिठ्ठी कोरी. बैरूत, १९६५. पॅलेस्टाइनमधला झायोनवादी, म्हणजे तिथे ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणाऱ्या चळवळीचा, वसाहतवाद हा विषय, आणि लेखक फायेज सायेग.

"बाद," सर म्हणाले. मी म्हटलं, थांबा.

हे नाव मला भलत्याच वाटेनं भेटलेलं होतं. ग्रंथालयशास्त्राकडे वळण्याआधी मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. अस्तित्ववादाचं, म्हणजे एकेका माणसाचं जगणं आणि त्याची निवड मध्यभागी ठेवणाऱ्या विचाराचं, खूळ तेव्हाचंच. तो विचार अरबी जगात कसा रुजला हे वाचताना कैरोच्या अब्दुर्रहमान बदवी या तत्त्वज्ञाच्या मागोमाग हा सायेग आला होता. जन्म १९२२चा, सीरियातला. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. लहानपण पॅलेस्टाइनमधल्या गालिली सरोवराकाठच्या तिबेरियासमध्ये गेलं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात तो चार्ल्स मलिककडे शिकला. मलिक स्वतः जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या वर्गात बसून आलेला. पुढे १९४९मध्ये सायेगनं अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात अस्तित्ववादावर पीएच.डी. केली.

मला त्याच्याविषयी सगळ्यात आवडते ती १९४७ची गोष्ट. अन्तून सआदाच्या सीरियन राष्ट्रवादी पक्षात तो बिनीचा माणूस होता. सआदा अर्जेंटिनातून परतला आणि दोघांचं फाटलं. समाज हेच खरं अस्तित्व, व्यक्ती त्याचा अंश, असं नेत्याचं म्हणणं. सायेगनं किर्केगार्द आणि बेर्द्यायेव हे व्यक्तीला मोठं मानणारे तत्त्वज्ञ पचवलेले. व्यक्तीचं स्वातंत्र्य राष्ट्रापायी गहाण टाकायला तो तयार होईना. पंचविशीच्या पोरानं हा वाद घातला आणि पक्षाबाहेर गेला. पुढच्याच एप्रिलमध्ये, पॅलेस्टाइनमध्ये ज्यू-अरब लढाई पेटलेली असताना, तिबेरियासमधले अरब रहिवासी गाव सोडून गेले. ज्यानं राष्ट्रापुढे व्यक्ती धरली, त्याला राष्ट्राचाच लढा लढावा लागला.

हे सगळं मी समितीला सांगत बसले. सर घड्याळाकडे पाहत होते, पण ऐकत होते.

"म्हणजे प्रचारपत्रकच की," ते म्हणाले.

प्रचार आहेच. छापणारी संस्था पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचं संशोधन केंद्र, आणि ते उभं केलं खुद्द सायेगनं. पण आवाज चढलेला नाही. त्याचा मुद्दा असा: आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना स्थानिकांची मेहनत हवी होती, म्हणून त्यांनी त्यांना पायाखाली ठेवलं, इथे मात्र स्थानिक माणूस मुळात नकोच होता. गुलामी वेगळी, हकालपट्टी वेगळी. आज विद्यापीठांत वसाहतवादाची ही तऱ्हा वेगळी काढून शिकवतात. त्यानं ती १९६५मध्येच मांडली होती. सगळं पटावं असं नाही. ज्यू निर्वासितांची युरोपातली होरपळ त्याच्या मांडणीत फार थोडी जागा घेते, असं माझं मत. तरी माणसाला त्याच्या जागेवरून पुसून टाकण्याविषयीचा हा राग मला १९४७च्या त्या भांडणातलाच वाटतो.

मग इतिहासाच्या मॅडम बोलत्या झाल्या. १० नोव्हेंबर १९७५ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं झायोनवाद हा वंशवादाचा प्रकार असल्याचा ठराव केला, ७२ विरुद्ध ३५ मतांनी. त्यासाठी कुवेतच्या शिष्टमंडळातून झटणारा माणूस हाच. भारतानं बाजूनं मत दिलं होतं. १९९१मध्ये ठराव मागे घेतला गेला, तेव्हाही भारताचं मत मागे घेण्याच्या बाजूनंच. "आणि दीड महिन्यात आपण इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले," मॅडम हसत म्हणाल्या. सायेग हे पाहायला नव्हता. तो १९८०च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये गेला.

त्या केंद्राचं पुढे काय झालं, हे मला ग्रंथपाल म्हणून सांगावंसं वाटलं. सायेगनं केंद्र सोडल्यावर त्याचा भाऊ अनीस ते सांभाळत होता. १९७२मध्ये पत्रबाँबनं तो जायबंदी झाला. १९८२मध्ये इस्रायली सैन्य बैरूतमध्ये शिरलं आणि केंद्राचं अख्खं ग्रंथालय, सुमारे २५ हजार पुस्तकं, उचलून घेऊन गेलं. पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत तो संग्रह परत करावा लागला. कैद्यांच्या वाटाघाटीत पुस्तकांचे खोके!

मामा म्हणाले, "आन् आपण किलोवर देतोय."

सरांनी बाद यादीतला तो दाखल क्रमांक स्वतः खोडला आणि शेजारी सही केली. मग त्यांच्यातला कॉमर्सवाला जागा झाला.

"मॅडम, बाइंडिंगचा खर्च कुठल्या हेडखाली टाकणार?"

"किरकोळ दुरुस्ती," मी म्हटलं, आणि मामांनी पुढचा गठ्ठा आदळला.