जेवणाआधी की जेवणानंतर?

माझा उजवा गुडघा चार वर्षांपासून कुरकुरतोय. एक्स-रेत 'गॅप कमी झालाय' असं निघालं, म्हणजे झिजेचा संधिवात. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यापुढे उभी राहिले, त्याचं हे व्याज. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली. इथवर सगळं सुरळीत. लिहायचंय ते त्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल. एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला आठ दिवस, चार फोन आणि तीनशे रुपये लागले, आणि प्रश्न तरी केवढा? ही कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?

कॅप्सूल दोन औषधांची. एसेक्लोफेनॅक २०० मिलिग्रॅम, हे दुखणं आणि सूज उतरवणारं. सोबत राबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम, पोटातलं आम्ल कमी करणारं. दुखण्याच्या गोळ्यांनी जठराचं अस्तर सोलवटतं, व्रण होतो, कधी आतून रक्तही जातं. म्हणून राखणदार आधीच सोबत बांधून दिलेला. कल्पना चांगली आहे, तक्रार कल्पनेबद्दल नाही.

चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन इंग्रजी अक्षरं होती, बीबीएफ. मला वाटलं औषधाच्या नावाचाच भाग असेल. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं मेडिकल माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे. त्यानं चिठ्ठी पाहिली, दहाच्या पाकिटातून कात्रीनं सात कॅप्सूल कापल्या, कागदी पिशवीवर पेनानं एक उभी रेघ मारली आणि म्हणाला, "बाई, रोज एक. दुखण्याची आहे, भरल्या पोटी घ्या, नाहीतर जळजळेल."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? दुखण्याची गोळी भरल्या पोटी, हे तर माझ्या आजीलाही माहीत होतं. आणि या पोराला बाराखडी मी शिकवलेली. त्याला चिठ्ठी वाचता येत नसेल ही शंका घेणं म्हणजे स्वतःच्याच नोकरीवर शंका घेणं.

चार दिवस नऊ वाजता पोहे खाऊन कॅप्सूल घेतली. गुडघा खरोखर हलका झाला, जिना न थांबता चढले. पण पाचव्या दिवशी छातीत जळजळ, करपट ढेकर, रात्री उशीला उशी लावून झोपायची वेळ. राखणदार काय करतोय मग? पाकीट चाळायला घेतलं तर त्यावर नाव नाही, एक्स्पायरी नाही. ते सगळं छापलेलं होतं त्या मेडिकलमध्ये राहिलेल्या तीन कॅप्सूलच्या टोकाला. माझ्या हातात नुसता चंदेरी कागद आणि सात खड्डे.

(आता मी सरळ सांगते, "नावाचं टोक मला द्या, नाहीतर पूर्ण पाकीट द्या." आणि बिल मागते. बिलावर नाव आणि बॅच नंबर दोन्ही असतात. तोंडावर नाराजी दिसते, पण देतात.)

मेडिकलमध्ये जाऊन ते टोक बघितलं. बारीक अक्षरं, भाच्यानं मोबाईलवर फोटो काढून मोठी करून दाखवली. राबेप्रॅझोल 'एन्टेरिक कोटेड' (लेप दिलेलं), एसेक्लोफेनॅक 'सस्टेन्ड रिलीज' (हळूहळू सुटणारं). आधी की नंतर, एक शब्द नाही. फक्त 'डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे'. घेते हो, पण डॉक्टर गाठायचे कसे?

पहिला फोन. "डॉक्टर ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत." दुसरा फोन, संध्याकाळी. "आत्ता ओपीडी चालू आहे, नंतर करा." तिसरा फोन दुसऱ्या दिवशी. मी प्रश्नच सांगून टाकला, म्हटलं तुम्ही विचारून ठेवा, मी परत करते. पलीकडची मुलगी म्हणाली, "आजी, औषधाचं आम्ही फोनवर सांगत नाही." मी अजून कुणाची आजी झालेली नाही, ते असो. "मग कुठे सांगता?" "येऊन दाखवा." चौथ्या फोनला तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि थेट नंबर लावून टाकला. माझा नंबर चौतीस.

गेले. खिडकीवर कळलं की केस पेपर सात दिवस चालतो आणि आज आठवा दिवस. नवीन केस पेपर, तीनशे रुपये. मी म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून तुम्हालाच फोन करतेय. ते खोटं होतं, सहाव्या दिवसापासून करत होते, पण रागात माणूस चार दिवस वाढवतो. पैसे भरले. साडेदहाला बसले. साडेबाराला अठरावा नंबर. मध्येच काळ्या बॅगा घेतलेले तीन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एकामागून एक आत गेले, त्यांना नंबर नसतो. शेजारी तासगावचे एक बागायतदार होते, द्राक्षाची छाटणी सोडून आलेले. त्यांच्या पिशवीतही अशीच कॅप्सूल. त्यांना विचारलं, "तुम्ही कधी घेता?" म्हणाले, "दुखंल तवा." अजून एक बाई म्हणाल्या, त्यांना कॅप्सूल गिळवत नाही म्हणून फोडून आतले दाणे दह्यात घालतात. भिंतीवर फक्त 'शांतता राखा'ची पाटी. त्याशेजारी 'हे औषध कधी घ्यायचं' एवढं लिहिलेला एखादा कागद लावायला काय जातं? शाळेत आम्ही चौथीच्या पोरांनाही सूचना फळ्यावर लिहून द्यायचो.

दीड वाजता आत गेले. प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "आधी. सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. लिहिलंय की, बीबीएफ. ब्रेकफास्टच्या आधी."

झालं. पंधरा सेकंद.

मी उठलेच असते, पण तीनशे रुपये भरले होते आणि तीन तास बसले होते, म्हणून म्हटलं आता कारणही सांगा. आणि इथे त्या माणसाचं श्रेय त्याला देते, त्यांनी पॅडच्या मागे चित्र काढून सांगितलं. आम्ल तयार करणारे जठरातले पंप जेवण आलं की सुरू होतात. राबेप्रॅझोल त्याआधी रक्तात पोचलेलं असेल तरच ते पंप नीट बंद पडतात. जेवल्यावर घेतलं की गाडी सुटल्यावर तिकीट काढल्यासारखं. पुन्हा त्याचा पूर्ण जोर यायला काही दिवस जातात, म्हणजे माझा तो आठवडा जवळजवळ वायाच. आणि राबेप्रॅझोल आम्लातच मोडतं, म्हणून त्यावर लेप असतो. फोडली, चावली, दह्यात घातली की लेपही गेला आणि दिवसभर पुरवून पुरवून सुटायचं दुखण्याचं औषधही एकदम पोटात. बाहेर बसलेल्या त्या बाईंना सांगायला मी जवळजवळ धावले. त्या निघून गेल्या होत्या.

मग त्यांनी सहज विचारलं, "बाकी काय चालू आहे?" पहिल्या दिवशी हे कुणी विचारलं नव्हतं. की विचारलं होतं आणि मीच 'काही नाही' म्हटलं होतं? खरं सांगायचं तर मला आठवत नाही. बीपीची गोळी मी नऊ वर्षं घेतेय, ती मला चहासारखी वाटते, औषध वाटत नाही. पिशवी टेबलावर ओतली. बीपीची गोळी निघाली, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (हे लघवी वाढवणारं) एकत्र असलेली. जळजळीसाठी पाचव्या दिवसापासून स्वतःच्या मनानं सुरू केलेली पॅन्टोप्रॅझोल निघाली. आणि मंगळवारी डोकं दुखलं म्हणून घेतलेलं कॉम्बिफ्लॅमचं पाकीट.

डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आयबुप्रोफेन हे एसेक्लोफेनॅकचंच भावंड, म्हणजे त्या दिवशी दुखण्याच्या औषधाचा दुहेरी मारा. पॅन्टोप्रॅझोल राबेप्रॅझोलच्याच घरातली, ती फुकट. पण खरी भीती बीपीच्या गोळीची. शरीरातली जी द्रव्यं दुखणं आणि सूज निर्माण करतात तीच जठराचं अस्तर राखतात आणि तीच मूत्रपिंडाकडचा रक्ताचा ओघ सांभाळतात. दुखण्याचं औषध तिन्हीकडे एकदम हात घालतं. सोबतचं राबेप्रॅझोल जठराची राखण करतं, मूत्रपिंडाची नाही, हृदयाची नाही. त्यात टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी, अशी तिन्ही एका वेळी आली की मूत्रपिंड अडचणीत येऊ शकतं, उतारवयात जास्तच.

तिथेच बीपी घेतलं, १५८/९४. माझं १३०च्या आसपास असतं. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं हेही तेव्हाच कळलं. (तीनशे रुपयांनी चढलं नसेल कशावरून?) क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी, केली; १.३ आलं, आणि हा आकडा वाढणं वाईट. दिवाळीत शिबिरात ०.९ होतं. कॅप्सूल त्याच दिवशी बंद. पॅरासिटामॉल, गुडघ्याला दिवसातून तीनदा डायक्लोफेनॅकचं जेल आणि मांडीचे व्यायाम. बीपीच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलले आणि त्यांनी माझ्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध काढलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० वर आलं तेव्हा मी लॅबच्या बाहेरच बाकावर बसले आणि ह्यांना फोन केला.

आता कॅप्सूल घरात आहे, पण नियमानं. गुडघा अगदी धरलाच तर डॉक्टरांना विचारून, सलग पाच दिवसांच्या वर नाही. साडेसातला कॅप्सूल, आठला नाश्ता. दिवसात एकच. शेजारच्या वहिनींना साधी १०० मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ दिलीय, म्हणून मीही दोनदा घेणार होते. माझी २०० ची आहे, दिवसभर पुरणारी. दोनदा घेतली तर दुप्पट.

ह्यांनाही खांद्यासाठी ती हवी होती. ह्यांची ॲन्जिओप्लास्टी झालीय, रोज ॲस्पिरिन ७५ चालू असते. मी पाकीट कपाटात कुलपात ठेवलंय. ॲस्पिरिनसोबत दुखण्याची गोळी म्हणजे रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो, आणि हृदयाचा प्रश्न वेगळाच. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, त्यामुळे त्या चालू असतील तर तेही सांगायचं, नाहीतर दोन्हीकडून गोंधळ. पाय सुजले, लघवी कमी झाली, धाप लागली, तरी फोन. (फोन. हं.) जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, की दुखण्याची गोळी त्या दिवशी थांबवून आधी विचारायचं.

मेडिकलवाल्या पोराला बोलावून चिठ्ठी दाखवली. कान धरायची इच्छा होती, पण त्याचे केस पांढरे झालेत. त्याला बीबीएफ माहीत होतं, त्यानं बघितलंच नव्हतं. "बाई, दुखण्याची म्हटल्यावर हात आपोआप नंतर लिहितो." आता माझ्या पिशवीवर रेघ मारायच्या आधी तो मला चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवतो. दुकानात गिऱ्हाईकं हसतात. हसू देत.

एक प्रश्न विचारायचा राहिला होता, तो पुढच्या खेपेला विचारला, सातव्या दिवशी, केस पेपर चालू असताना. एकादशीला काय करायचं? माझा उपास कडक असतो, दुपारपर्यंत पाणीही बेतानंच. डॉक्टर म्हणाले, उपाशी आणि तहानलेल्या दिवशी ही कॅप्सूल नकोच, मूत्रपिंडावर ताण येतो. आषाढीला गुडघ्याला जेल चोळलं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि साबुदाण्याची खिचडी बसूनच परतली.