नायब राज्यपाल आणि माझं मधलं नाव

१७ जून २०२५, सकाळचे साडेसहा. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातल्या एका शाळेची जिम, आमचं मतदान केंद्र. टेबलामागच्या आजोबांनी माझं लायसन स्कॅन केलं, पुन्हा केलं, मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुम्ही यादीत नाही."

नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच दिवशी मी मतदार नोंदणीचा अर्ज हाताने भरून दिला होता. भारताचा पासपोर्ट परत केलेला. म्हणजे तिकडचं मत गेलं आणि इकडचं सापडत नाही, अशी गत.

त्यातून मी ज्या पदासाठी मत द्यायला तडफडत होते ते व्हर्जिनियाच्या नायब गव्हर्नरचं, म्हणजे नायब राज्यपालाचं. ते ऐकून आई आदल्या रात्रीच हसली होती. आम्ही फोंड्याचे. १९८७ साली गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळेपर्यंत आमच्याकडे नायब राज्यपालच असायचे. गोपाल सिंग हे शेवटचे नायब राज्यपाल, आणि तेच मग पहिले राज्यपाल झाले. "त्यांना कोण निवडून देतं गो? ते दिल्लीहून यायचे," आई म्हणाली. तिला सांगितलं की इथे या पदासाठी वेगळं मत द्यावं लागतं. गव्हर्नर एका पक्षाचा आणि त्याचा नायब दुसऱ्याचा, असंही होऊ शकतं. काम काय, तर राज्याच्या सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) अध्यक्षस्थानी बसायचं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत द्यायचं, आणि गव्हर्नरपद मध्येच रिकामं झालं तर ते सांभाळायचं. पगार वर्षाला साधारण ३६ हजार डॉलर. "एवढ्यात तिथे भागतं?" हा तिचा प्रश्न रास्त होता.

पण जूनमध्ये, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, खरी चुरस याच पदासाठी होती. गव्हर्नरपदासाठी दोन्ही पक्षांचे उमेदवार बिनविरोध ठरले होते. रिपब्लिकनांची तर आमच्या केंद्रावर प्राथमिक निवडणूकच नव्हती. व्हर्जिनियात नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे कोणीही जाऊन डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागू शकत होतं. तिच्यावर सगळ्यात वर नायब गव्हर्नर, आणि उमेदवार सहा. इथे फेरमतदानाची दुसरी फेरी नसते. एक मत जास्त मिळालं तरी जिंकलात. म्हणून तर मी कामावर जायच्या आधी पोचले होते.

आजोबांनी केंद्रप्रमुख बाईंना बोलावलं. त्यांनी ऑफिसला फोन लावला. मी बाजूच्या घडीच्या खुर्चीवर बसून राहिले, मागची रांग माझ्याकडे बघत पुढे सरकत होती. वीसेक मिनिटांनी बाईंनी विचारलं, "तुमच्या नावात आणखी कुठलं नाव आहे का?" आहे ना! माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून हाच क्रम. अर्ज संगणकात भरताना कोणीतरी नवऱ्याच्या नावालाच आडनाव करून टाकलं होतं. जन्मतारीख, पत्ता, सगळं जुळलं. बाईंनी दुरुस्तीचा अर्ज पुढ्यात ठेवला आणि मग मतपत्रिका.

इथे बटण दाबायचं नसतं. काळ्या पेनने नावापुढचा लांबट गोल भरायचा आणि कागद स्वतः यंत्रात सरकवायचा. यंत्राने तो ओढून घेतला आणि आकडा एकाने वाढला. मतं मोजून झाली तेव्हा पहिले तिघे एकमेकांपासून दोन टक्क्यांच्या आत होते. गझाला हाशमी २८ टक्क्यांपेक्षाही कमी मतांवर उमेदवार झाल्या. त्या वीस मिनिटांत मी कंटाळून निघून गेले नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं. कोणाला मत दिलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

हाशमी हैदराबादच्या, जन्म १९६४ चा. नदीपलीकडे मेरीलँडच्या नायब गव्हर्नर अरुणा मिलर, त्यांचाही जन्म हैदराबादचा आणि १९६४ चाच! फरक एवढाच की मेरीलँडमध्ये गव्हर्नर आणि नायब यांची जोडी असते, एकाच मतात दोघं. मला आमची पद्धत बरी वाटते. त्या निमित्ताने या पदाच्या उमेदवारांकडे निदान बघितलं तरी जातं. अर्थात नेहमी नाही. हाशमी वादविवादाला तयार होईनात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन रीड यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या हाशमींशीच वाद घातला. ते थोडा वेळ बघितलं आणि भांडी घासायला उठले.

४ नोव्हेंबरला नवऱ्याबरोबर गेले. गव्हर्नर, नायब गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, प्रत्येकाचे गोल वेगळे. (निकाल रात्रीच लागला: हाशमी निवडून आल्या.) टेबलावर तेच आजोबा. आधी नवऱ्याचं लायसन स्कॅन झालं, मग माझं, आणि या वेळी नाव झटकन आलं. आजोबा टॅबलेटकडे बघतच राहिले. माझ्या पोटात गोळा.

"तुमचं मधलं नाव आणि यांचं पहिलं नाव एकच आहे," ते म्हणाले. "योगायोग?"

"पद्धत," मी म्हटलं आणि मतपत्रिकेसाठी हात पुढे केला.